चौसष्टावं वाक्य

पाहुण्यांच्या आधी त्यांची यादी येते. मी पवनारजवळच्या एका ग्रामीण प्रशिक्षण संस्थेत अतिथी विभाग सांभाळते. दर हिवाळ्यात युरोपातून आठ-दहा जणांचा गट येतो, पंधरा दिवस राहतो, शेती बघतो, सूत कातून बघतो, धाम नदीच्या काठावर जाऊन बसतो. कोण काय खात नाही, कोणाला जमिनीवर बसता येत नाही, कोणाला डास चावला की अंग सुजतं, हे सगळं ते आधी कळवतात आणि मी वहीत उतरवून घेते. डावीकडे माणूस, उजवीकडे काय नको.

गेल्या जानेवारीच्या गटात उजव्या बाजूला एक नवी गोष्ट आली. नऊपैकी सहा जणांनी लिहिलं होतं की आम्हाला अमेरिकन कंपन्यांची थंड पेयं, बिस्किटं, बाटलीबंद पाणी देऊ नये. मी वहीत लिहिलं, 'अमेरिकन नको, सहा'. अडचण काहीच नव्हती. आमच्याकडे उकळून गार केलेलं पाणी देतात, आणि जेवणात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. पहिल्या संध्याकाळी मी चार्जिंगच्या बोर्डाशी लावायला नावांच्या चिठ्ठ्या केल्या. नऊपैकी सात फोन एकाच अमेरिकन कंपनीचे निघाले, दिसायलाही अगदी सारखे. मी चिठ्ठ्या जरा मोठ्या अक्षरात लिहिल्या, अदलाबदल नको म्हणून.

गटातल्या एक निवृत्त जर्मन शिक्षिका माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी सात फोन बघितले, चिठ्ठ्या बघितल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही हसत नाही आहात, पण मनात हसताय, मला माहीत आहे."

मी म्हटलं, "मी फक्त मोजलं."

मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि मला समजावू लागल्या. त्यांच्या लहानपणी अमेरिकन म्हणजे चॉकलेट वाटणारा शिपाई. पुढे अमेरिकन म्हणजे हवीहवीशी पँट. मग त्यांच्याच पिढीने त्या पँटी घालून अमेरिकेविरुद्ध मोर्चे काढले. आता त्यांच्या गावातलं जुनं दुकान बंद पडलंय, कारण सगळे घरी बसून एका अमेरिकन कंपनीकडून सामान मागवतात. त्यांचा मुलगा दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीत मोठ्या पदावर आहे. "मैत्रिणींनी विचारलं तर मी म्हणते, तो कॉम्प्युटरचं काम करतो. कंपनीचं नाव सांगत नाही." हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं.

याच गटात एक फ्रेंच दिग्दर्शक होता, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याने अमेरिकेतल्या प्रचंड गोदामांवर एक माहितीपट केला होता. घरी बसून मागवलेला माल जिथे खोक्यात भरतात, ती गोदामं. तिथल्या कामगारांच्या मुलाखती, सोबत त्याचं निवेदन, पडद्यावर इंग्रजी वाक्यं. युरोपात तो बऱ्याच गावांत दाखवून झाला होता आणि आता त्याला भारतातल्या एका खेड्यात दाखवायचा होता. गटाची शेवटची संध्याकाळ आम्ही कुठल्या तरी गावात ठेवतोच. मी माझं माहेर सुचवलं. केळझरच्या फाट्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत. विहाराचा हॉल मोठा आहे, वीज बरी असते, सतरंज्या आहेत, आणि चहा करायला माझी भावजय आहे. कारणं इतकीच होती. निदान तेव्हा तरी मला तेवढीच दिसली.

माझा धाकटा भाऊ एसटीत ड्रायव्हर आहे. त्याची मुलगी बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी होती, आणि नेमकी त्याच महिन्यात तिला नोकरी मिळाली. नागपूरच्या अलीकडे हायवेला एका अमेरिकन कंपनीचं गोदाम झालं आहे, तिथे. मालावरचे कोड तपासायचे आणि खोकी भरायला पुढे पाठवायची. सोमवारी सकाळी पावणेसहाला कंपनीची बस फाट्यावर येणार होती. घरापासून फाट्यापर्यंत अंधारात एकटी पोरगी जाणार नाही, म्हणजे बापाने गाडीवर सोडायला हवं. आणि बाप हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. "पाहू" म्हणत होता. आमच्या घरात 'पाहू' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या बारावीनंतर आमचे वडीलही 'पाहू' म्हणाले होते. त्या वर्षी मी घरी राहिले. पुढल्या वर्षी भांडून कॉलेजला गेले.

म्हणून मला ही पोरगी सोमवारी त्या बसमध्ये बसायला हवी होती. हे मी आधीच सांगून टाकते.

माहितीपटाचं मराठी मी करायचं ठरलं. पडद्यावरचं इंग्रजी गावात कोण वाचणार? दिग्दर्शकाने मला सगळी वाक्यं दिली, कुठलं किती मिनिटांनी येतं त्या वेळांसकट. मी वहीत ओळी आखल्या. डावीकडे वेळ, उजवीकडे मराठी वाक्य. एकूण एकशे बारा. चार दुपारी त्यात गेल्या. भाचीने ती सगळी फोनवर टाईप केली आणि सेलूला जाऊन मोठ्या अक्षरात छापून आणली. माइक धरून अंधारात वाचायचं तर अक्षर मोठं हवं, हे तिलाच सुचलं.

चौसष्टावं वाक्य असं होतं: 'मी कामावर पाणी पिणं बंद केलं आहे, संडास इतका लांब आहे की जाऊन येईपर्यंत मशीन माझं नाव लिहून घेतं.' पन्नाशीची एक अमेरिकन बाई हे म्हणते, कामाची पाळी संपवून, आपल्या गाडीपाशी उभी राहून, डोळे पुसत.

शनिवारी संध्याकाळी सातला हॉल भरला. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, पाहुण्यांसाठी मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. माझा भाऊ ड्युटीवरून आला तो तसाच खाकीत पहिल्या ओळीत बसला. भाची माझ्या शेजारी, बॅटरीचा उजेड कागदावर धरून. मी वाचत गेले. एक, दोन, तीन. गोदामाची लांबी, पट्ट्यावरून धावणारी खोकी, हातातलं यंत्र जे सांगतं की पुढची वस्तू किती सेकंदांत उचलायची. पन्नासच्या पुढे माझा आवाज स्थिर झाला, लोकही गुंतले.

त्रेसष्ट वाचलं आणि पडद्यावर ती बाई आली. मी मान वर केली तर समोर भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. सावंगीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, पाणी का पीत नाही? तो म्हणाला, "साहेब, गाडी कुठं थांबवू?" हे मला तिथे, माइक हातात असताना आठवलं. हे वाक्य त्याच्या कानावर पडलं तर 'पाहू'चं 'नाही' होणार, एवढंच डोक्यात आलं. मी चौसष्ट सोडलं. बाई पडद्यावर बोलत राहिली, मी गप्प राहिले, आणि तिचं झाल्यावर पासष्ट वाचलं. कागदावरचा उजेड किंचित हलला.

माहितीपट संपल्यावर दिग्दर्शकाने लोकांना काय वाटलं ते विचारायला सांगितलं. मी विचारलं. मग बायांमधून एक आजी म्हणाली, "ते बाई रडून राह्यली होती, ते गाडी कोणाची होती?"

"तिचीच होती, काकू."

"सोताची?"

"हाव."

"मंग काऊन रडते मा?"

हॉल हसला. आजी हसली नाही, तिला खरंच विचारायचं होतं. एका माणसाने विचारलं की कंपनी बस पाठवत नाही का. मी दिग्दर्शकाला विचारून सांगितलं, नाही. "अमेरिकेची कंपनी अन् बस नाई? आपल्या इथं त पाठवते." दुसरा म्हणाला, "आपल्या इथं माणूस गाडी कोठून आणन, म्हणून पाठवते. काई दया नाई आली तिले." पुन्हा हशा. मग मागून एक मास्तर उठले आणि नीट, सभेत विचारावं तसं विचारलं, "पाहुण्याईले विचारा, त्यांच्या देशात कंपन्या नाईत का? त्यायच्यावर पिक्चर कोण काढते?"

दिग्दर्शकाने सांगितलं की काढतात, त्यानेही एक काढला आहे. उत्तर देताना त्याचा चेहरा उतरला होता. जर्मन बाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, आणि मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं, "आमच्यावरचे पिक्चर निघतात, पण ते बघायला इतके लोक येत नाहीत. अमेरिकेवरचा असला की हॉल भरतो. बघताना बरं वाटतं. जे वाईट आहे ते तिकडे आहे, समुद्रापलीकडे, असं वाटतं. मी दर हिवाळ्यात असे पिक्चर बघायला जाते. रागाने घरी येते आणि सकाळी त्यांच्याचकडून चप्पल मागवते."

"खरं बोलली म्हातारी," आजी म्हणाली. ती स्वतः तिच्याहून दहा वर्षांनी मोठी असेल.

चहा सुरू झाला. मी माइकची वायर गुंडाळत होते. भाची आली.

"आत्या, चौसष्ट गेलं."

"निसटलं गं."

"निसटलं नाई. पान उलटाचं नोतं तिथं. मधातलं होतं." तिने कागद पुढे केला, बोट ठेवून. "मीच टाईप केलं ना."

मी म्हटलं, "तुह्यासाठीच केलं."

"मले माहीत आहे. पण बाबाले सांग तू. मी सांगतलं त म्हणतील, पोरगी घाबरली."

"अन् मंग त्यानं नाई म्हटलं त?"

"त नाई म्हटलं," ती म्हणाली. "मी जाऊनच राह्यली, आत्या. पण मी कुठं चालली हे त्यायले माहीत पाह्यजे. नाई त उद्या मले काई झालं त ते तुह्यावर येईल." एवढं बोलून तिने वायरीचं दुसरं टोक उचललं आणि उलट्या बाजूने गुंडाळायला लागली, कारण मी ती चुकीची गुंडाळत होते.

परत जाताना गाडीत दिग्दर्शक माझ्या शेजारी बसला होता. त्याला वाटलं होतं लोक चिडतील. त्याच्याकडे दाखवला की तासभर लोक उभं राहून अमेरिकेबद्दल बोलतात. इथे लोकांनी बसबद्दल विचारलं. तो चेष्टा करत नव्हता, त्याला समजून घ्यायचं होतं. मी विचारलं की हा विषय त्याने का घेतला. त्याच्या गावात कापडाची गिरणी होती, वडील तिच्यात होते. एका अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली आणि तीन वर्षांत बंद केली. आधीचा मालक चांगला होता का, मी विचारलं. "नाही," तो म्हणाला. "तोही लोकांना काढायचा. पण तो मयतीला यायचा. माझे वडील त्याच्याशी दारात उभं राहून भांडू शकत होते. नंतर भांडायला दारच राहिलं नाही."

हे मला समजलं. त्याच्यासारख्यांना अमेरिकन कंपनीचा राग का येतो हे इतकं थोडक्यात मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मग त्याने विचारलं की माझी मराठी वाक्यं त्याला मिळतील का. भारतात पुन्हा दाखवायचा झाला तर ती पडद्यावर टाकता येतील. मी म्हटलं, पाठवते. चौसष्टचं मी त्यालाही सांगितलं नाही. म्हणजे आता दोन माणसांना सांगायचं होतं. वहीत मागच्या पानावर मी दोन खुणा केल्या.

रविवारी सकाळी गट नागपूरला रवाना केला, खोल्यांच्या किल्ल्या मोजून घेतल्या आणि दुपारच्या बसने गावी गेले. भाऊ अंगणात मोटरसायकलच्या चेनला तेल घालत होता. आडवळण घेणं मला जमत नाही. मी बाजेवर बसले आणि म्हटलं, "काल मी एक वाक्य वाचलं नाई. जाणूनबुजून." आणि कागदावरून चौसष्ट वाचून दाखवलं.

त्याने चेन फिरवली, आणखी दोन थेंब टाकले.

"मले समजलं होतं," तो म्हणाला.

"तुले इंग्रजी कधीपासून समजाले लागलं?"

"इंग्रजी कायले पाह्यजे? बाटली दिसली ना, ताई. ड्युटी झाली, गाडीपाशी आली अन् तिच्या हातात बाटली भरलेली. शीलबी नाई तोडलं. भरलेली बाटली घरी येते तेव्हा दिवसभर काय झालं असते, हे मले सांगा लागते का?"

बाटली मलाही दिसली असणार, चार दुपारी मी तो प्रसंग पुढेमागे करून बघितला होता. पण मी वाक्यं मोजत होते.

"मंग काल बोलला काऊन नाई?"

"साऱ्या गावासमोर तुले काय टोकू? मले वाटलं ताईनं काईतरी इचार केला असन."

भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "बाटलीचं मले विचारा," ती म्हणाली. "याईची बाटली मी रोज सकाळी भरतो अन् संध्याकाळी भरलेलीच ओतून धुतो."

मी विचारलं, "मंग आता पाठवत नाई का तिले?"

त्याने फडक्याने हात पुसले. आत भाचीचा कपडे घडी करण्याचा आवाज थांबला होता.

"एसटीत लागलो तेव्हा मले कोणी सांगतलं नोतं," तो म्हणाला. "बाप म्हणे, सरकारी नोकरी आहे, जाय. मी बी गेलो. सांगतलं असतं त गेलोच असतो, पण काईतरी जुगाड केला असता. तुह्यी वही आणली का?"

वही होतीच.

"लिही. पह्यलं, संडास किती लांब, पावलं मोजून. दुसरं, पाणी जागेवर भेटते का जा लागते. तिसरं, नाव लिहून घेते ते माणूस आहे का मशीन. माणूस असन त त्याचं गाव कोणतं."

"गाव कायले?"

"गाव माहीत असलं की बोलता येते." मला गाडीतला फ्रेंच माणूस आठवला, पण मी लिहीत राहिले. "चौथं. बसचा ड्रायव्हर. रातची पाळी करून तेच गाडी घेऊन तर नाई येत? त्याचे डोये पाह्यजो म्हणा चढताना. लाल दिसले त बसू नको, मले फोन कर. मी फाट्यावरच थांबन बस निघेपर्यंत."

हा प्रश्न माझ्या कुठल्याही यादीत कधी आला नसता.

मग तो आत बघून जरा मोठ्याने म्हणाला, "अन् बाटली. संध्याकाळी मले दाखवाची. भरलेली आली त दुसऱ्या दिवशी मी सोडाले येत नाई. मंग तुह्यी कंपनी अमेरिकेची असो का सेलूची."

भाची दारात आली. हातात घडी न झालेला दुपट्टा. "अन् तुमची?"

"माह्यी काय?"

"तुमची बी दाखवाची. दोघायच्या ओट्यावर ठेवू. आई पाहीन."

"माह्या गाडीत पन्नास पॅसेंजर असतात."

"माह्या तिथं बी मशीन असते."

भावजय म्हणाली, "हाव, हे बराबर आहे," आणि चहाचं पाणी ठेवायला गेली. भावाने माझ्याकडे बघितलं, मी वहीकडे. मी पाचवा मुद्दा लिहिला, 'बाटल्या, दोन'.

रात्री पवनारला परतल्यावर मी एकशे बाराही वाक्यं दिग्दर्शकाला पाठवली. खाली लिहिलं की प्रत्यक्षात मी एकशे अकराच वाचली, चौसष्टावं मुद्दाम सोडलं, आणि का ते दोन ओळींत. मला वाटलं तो रागावेल. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. त्याच्या गावात माहितीपट दाखवला तेव्हा त्याचे वडील नेमक्या याच जागी उठून बाहेर गेले होते. कारण त्याने आजवर विचारलं नव्हतं, आता विचारणार आहे. शेवटी लिहिलं होतं की मास्तरांच्या प्रश्नावर तो अजून विचार करतोय.

सोमवारी संध्याकाळी सातला भाचीचा फोन आला. मी वही उघडूनच बसले होते. तिने क्रमाने सांगितलं. संडास तीनशे दहा पावलं. पाणी जवळ आहे, वीस पावलांवर. नाव मशीनच लिहिते, पण मशीनवर एक बाई बसते. ती बाई आर्वीकडची आहे, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच नाव येतं म्हणाली, घाबरू नको. ड्रायव्हरचे डोळे चांगले होते. बाबांनी खाली उभं राहून त्याच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या, त्यात बसला उशीर झाला, आणि सगळ्या पोरी तिच्याकडे बघत होत्या.

"तुझं नाव आलं का?"

"एकदा. तीनशे दहा जाऊन तीनशे दहा येणं होते ना, आत्या. उद्या जरा जोरानं चालीन."

"अन् बाटली?"

"माह्यी पाव उरली."

"बाबाची?"

फोनमागे भाऊ काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. भावजय हसली.

"अर्धी," भाची म्हणाली. "म्हणतात, बुटीबोरीले गाडी पाच मिन्टं थांबवली. पॅसेंजर ओरडले म्हणे. मी म्हटलं, ओरडू द्या."

मी वहीत लिहिलं, 'पाव, अर्धी', आणि पुढच्या दिवसासाठी ओळ आखली.